टोळी नंबर

शनिवार, रात्री दीड. कोपरखैरणे.

आज खात्यात 3,412 रुपये जमा झाले. माझी चार रॅप गाणी, तीन महिने. त्यातलं एक गाणं वर्षभरात हजार वेळाही वाजलं नाही, त्यामुळे स्पॉटिफायकडून त्याचं शून्य. 2024 पासून त्यांचा नियमच आहे तसा.

एकविसाव्या वर्षी मी एका रात्रीत याच्या दुप्पट आणायचो. हप्ते थकलेल्या बाइक उचलायचं काम. समोरचा चावी द्यायला तयार नसला की मॅटर व्हायचा, आणि मॅटर झाला की रेट वाढायचा. पैसे रोख. पावती नाही, कुठे सही नाही. पहाटे 'तीन टाकी' भागात भुर्जीपाव खाऊन होईपर्यंत निम्मे उडालेले असायचे. त्या तीन वर्षांत मी एकूण किती कमावले हे आज कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण 3,412 कुठून आले ते पैशापैशाने सांगू शकतो.

आप्पांना स्टेटमेंट दाखवलं. मोबाईल हातभर लांब धरून, डोळे बारीक करून त्यांनी वाचलं. इतके कमी कसे, असं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "यात तुजा टोळी नंबर कुठं हाय?"

आप्पा पाटणकडचे. एकतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. मानेच्या मागे, जिथे गोणी टेकते तिथे, त्यांना लिंबाएवढी गाठ आहे. लहानपणी मी ती दाबून बघायचो. टोळी हा शब्द आमच्या घरात दोन अर्थांनी आला. त्यांची टोळी म्हणजे नंबर असलेला हमालांचा गट. किती गोण्या उतरल्या ते मुकादम लिहिणार, व्यापारी वाराई, म्हणजे गोण्या उतरवायची मजुरी, आणि वर लेव्ही माथाडी बोर्डात भरणार, बोर्ड टोळीतल्या माणसांच्या नावावर पैसे जमा करणार. फंड त्यातूनच, आजारपण त्यातूनच, हे घरही माथाडींच्या योजनेतलंच. हे सगळं 1969 च्या कायद्याने आलं. आणि माझी टोळी म्हणजे पोलिसांच्या कागदावरची. तिलाही नंबर होता, पण तो गुन्ह्याचा. आई 'टोळी' म्हणाली की कुठली ते तिच्या आवाजावरून कळायचं.

मग मी आप्पांना समजावलं. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड असतो. गाणं अॅपवर वाजलं की त्या कोडवर नोंद होते. हे आलेले पैसे रेकॉर्डिंगचे. शब्दांचे पैसे वेगळे. त्यासाठी आयपीआरएस नावाची संस्था आहे. गाणी वाजवणारे तिला पैसे देतात, ती गीतकार-संगीतकारांना वाटते. तिथे माझ्या नावाचा आयपीआय नंबर आहे, म्हणजे गीतकार म्हणून माझी ओळख.

"म्हंजी बोर्डच की," आप्पा म्हणाले.

बोर्डच. मजा म्हणजे आयपीआरएसही 1969 चीच. दोन वर्षं मला जे वकील मित्राकडून समजून घ्यावं लागलं, ते आप्पांनी एका वाक्यात बसवलं. रॅप म्हणजे आजचा पोवाडा, असं प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालक बोलतोच बोलतो. ऐकून कंटाळा येतो. माझ्या रॅपचं नातं शाहिरीपेक्षा वाराईच्या वहीशी जास्त असावं.

ती वही मी आधी ठेवली नव्हती, म्हणून फटके खाल्ले. पहिलं चाललेलं गाणं एका परदेशी पोराच्या बीटवर, म्हणजे त्याने बनवलेल्या संगीतावर होतं. बीट लीजवर घेतलेली, म्हणजे तीच बीट तो अजून पन्नास जणांना देणार. लीज काय असते हे न वाचताच पैसे भरले होते. एक लाख ऐंशी हजार व्ह्यूज झाले आणि यूट्यूबवर क्लेम लागला. त्याच बीटवर आधी गाणं केलेल्या कोणीतरी आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या चोरी पकडणाऱ्या सिस्टिममध्ये टाकलं होतं. सिस्टिमच्या हिशोबाने चोर मी. माझा आवाज, माझे शब्द, आणि जाहिरातीचे पैसे त्याला. महिनाभर ईमेल केले. राग इतका की कोणाची तरी बाइक उचलावीशी वाटत होती.

त्यानंतर एका कंपनीचं बोलावणं आलं. चाळीस हजार रोख, पाच गाणी. करारात लिहिलेलं, सर्व हक्क कायमचे, 'संपूर्ण विश्वात'. आप्पांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "चंद्रावर पन त्येंचंच?" मी सही करणार होतो, खोटं कशाला सांगू. घरी गॅस संपलेला होता. वकील मित्राने थांबवलं. म्हणाला, 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा कोणाला लिहून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी, बस. आणि शब्दांवरचा हक्क माझ्या हयातीनंतरही साठ वर्षं राहतो. हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प बसले. त्यांनी उतरवलेला कांदा त्याच आठवड्यात कोणीतरी खाऊन संपवलेला असायचा.

आता मूळ गोष्ट, जिच्यामुळे झोप येत नाहीये.

संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोरला सायफर होता, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करायचं. आम्ही सात पोरं, एक ब्लूटूथ स्पीकर, समोर भेळवाला. तिथे माझा जुना दोस्त आला. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी तळोजा जेलमधून जामिनावर सुटला. बारीक झालाय. मिठी मारली, मग म्हणाला, पुढच्या व्हिडिओत मला घे, दोन गाड्या आणि तलवारी आणतो. मी हसण्यावारी नेलं. तलवारीने केक कापला तरी आर्म्स अॅक्ट लागतो, याला जामिनावर असताना व्हिडिओ करायचाय.

मग तो शांतपणे म्हणाला, "माझी हजेरी तू विकतोस. माझी वाटणी?"

खरं आहे ते. या 3,412 मधले जवळजवळ 2,900 एकाच गाण्याचे, आणि त्याचा हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ आहे, 'लोकांचा रविवार, माझी हजेरी'. ही ओळ माझी नाही. 2019 मध्ये जामिनाच्या अटीवर त्याला दर रविवारी पोलीस ठाण्यात सही करायला जावं लागायचं. एकदा मी बरोबर गेलो होतो. बाहेर येऊन, चपलेतला खडा काढता काढता तो हे बोलला. मी तिथल्या तिथे मोबाईलमध्ये टाइप केलं. सोळा बार, म्हणजे रॅपच्या ओळी, मी लिहिले, घामाघूम होऊन, कपाटाला गोधड्या लावून, पंखा बंद करून रेकॉर्ड केले. पण लोक गातात ती त्याची ओळ.

त्याच वर्षी, 31 मार्चला, लॉस एंजेलिसमध्ये रॅपर निप्सी हसलला त्याच्याच दुकानासमोर गोळ्या घातल्या. मी त्याला मानायचो, अजूनही मानतो. कंपनीच्या भरवशावर न राहता 2013 मध्ये त्याने मिक्सटेपच्या हजार प्रती शंभर-शंभर डॉलरला विकल्या होत्या. गल्लीतच दुकान काढलं, गल्लीतल्या पोरांना काम दिलं, आणि मारणारा ओळखीचाच निघाला. तेव्हा मला भीती शिकवणारी गोष्ट वाटली होती ती. जुन्या पोरांपासून लांब राहिलो. ठाण्याला स्टुडिओत जायचं तर ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, कानात हेडफोन, ऐरोली-दिघा गाव कधी गेलं कळू द्यायचं नाही. लांब राहिलो, पण ओळ घेऊन गेलो.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. वाटलं, म्हणतील त्याचा नाद सोड. ते म्हणाले, "एका ट्रकला टोळीतली आठ जनं लागली तर वाटणी आठांची. आठवा कसला का आसंना."

मघाशी स्प्लिट शीट काढली, म्हणजे गाण्यात कोणाचा किती वाटा तो कागद. शब्द: मी 75, तो 25. आधी 85-15 लिहिलं होतं, ते खोडलं. टक्क्यांपुढे कायदेशीर पूर्ण नाव लागतं, आणि पंधरा वर्षांच्या दोस्तीत मला त्याच्या वडिलांचं नाव माहीत नाही. मेसेज टाकला: 'आधारवरचं पूर्ण नाव पाठव.'

लगेच फोन आला. आवाज एकदम दबका.

"का रे? कोण आलंय का? मी घरीच आहे, सांग त्यांना."