पर्जन्यनोंद प्रकल्प : कनेक्शन पूलची दुरुस्ती

वेंगुर्ल्यातील आमच्या घराच्या गच्चीवर बसवलेल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, पडवीतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा पायथॉन प्रोग्राम एसक्यूएलअल्केमी या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीमार्फत माजघरातल्या संगणकावरील पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवतो. आषाढ लागल्यापासून तो वारंवार अडत होता आणि मी प्रत्येक वेळी दोष विजेलाच देत होतो.

विजेचा दोष अर्धाच होता. वीज गेली की माजघरातला संगणक बंद पडे, रास्पबेरी पाय मात्र बॅटरीवर चालू राही. वीज परतल्यावर पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या डेटाबेस-कनेक्शनच्या साठ्यात, जपलेली जुनी, मेलेली कनेक्शनच वापरायला घेतली जात आणि पहिली नोंद वाया जाई. पूल प्री-पिंग ही सेटिंग चालू केल्यापासून कनेक्शन हाती देण्यापूर्वी तपासले जाते, आणि ते मेलेले आढळल्यास नवे उघडून पूलमधली त्याआधीची सगळी रद्द केली जातात. मात्र ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारे डेटाबेसचे काम) चालू असतानाच वीज गेली तर या तपासणीचा उपयोग नाही; म्हणून नोंद आधी पायवरच्या फाइलमध्ये उतरवून ठेवतो. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी पूल रिसायकलची, म्हणजे जुने कनेक्शन बदलण्याची, मुदतही ठरवावी, कारण तिथे निष्क्रिय कनेक्शन मूळ सेटिंगप्रमाणे २८,८०० सेकंदांनी तोडले जाते.

दुसरा दोष सर्वस्वी माझा होता. शेजारचे बागायतदार मोबाइलवर पावसाचा आलेख पाहतात. त्यांना तो चटकन दिसावा म्हणून प्रत्येकासाठी उघडलेले सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला संवाद, मी प्रोग्राममधल्या एका डिक्शनरीत (नावानिशी यादीत) जपून ठेवत असे. मुसळधार पावसाच्या एका सकाळी बरेच जण एकाच वेळी आलेख उघडून बसले आणि सोळाव्याला ३० सेकंद ताटकळून टाइमआउटची चूक दिसली. पूलचा मूळ आकार ५ आणि ओव्हरफ्लो, म्हणजे गरजेपुरती जादा कनेक्शन, १०, मिळून पंधरा. आकार २० केला, तर तीच चूक थोडी उशिरा आली.

पोस्टग्रेसक्यूएलमधला पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी हा चालू कनेक्शनचा तक्ता उघडला तेव्हा उलगडा झाला : ओळीमागून ओळ ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडे पण काम काहीच नाही. नोंदी नुसत्या वाचणारी साधी सिलेक्ट क्वेरीसुद्धा ट्रान्झॅक्शन सुरू करते, आणि कमिट (बदल पक्के करणे), रोलबॅक (बदल रद्द करणे) किंवा क्लोज होईपर्यंत सेशन आपले कनेक्शन सोडत नाही. कनेक्शन जपण्यासाठी पूल असताना त्यावर मी सेशनचा दुसरा साठा रचला होता, आणि त्यातच सगळी कनेक्शन अडकून पडली होती.

आता प्रत्येक विनंतीचे सेशन पायथॉनच्या विथ ब्लॉकमध्ये उघडते आणि तिथेच मिटते. सेशन मिटल्यावर आलेखाच्या भागाने संबंधित नोंदी मागितल्या, तेव्हा डिटॅच्ड इन्स्टन्सची, म्हणजे नोंद सेशनपासून तुटल्याची, चूक आली. त्यासाठी त्या नोंदी सिलेक्ट-इन लोड या पद्धतीने आधीच आणून ठेवल्या. पूल पुन्हा ५ वर आणला आहे, आणि गेल्या रविवारच्या धो-धो पावसात तक्त्यात अडकलेली एकही ओळ दिसली नाही.

पुढे आलेखासाठी दोन वर्कर प्रोसेस (एकाच प्रोग्रामच्या स्वतंत्र चालणाऱ्या प्रती) चालवायच्या आहेत. प्रत्येकीचा पूल स्वतंत्र असल्यामुळे कमाल तीस कनेक्शन धरावी लागतील. पोस्टग्रेसक्यूएलची मूळ मर्यादा १०० असल्याने तेवढी जागा आहे. फोर्क झाल्यावर, म्हणजे मूळ प्रोसेसची प्रत निघाल्यावर, मूळ प्रोसेसची कनेक्शन नव्या प्रोसेसच्या हाती जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक वर्करमध्ये इंजिन (पूल सांभाळणारा एसक्यूएलअल्केमीचा भाग) सुरुवातीलाच नव्याने तयार करणार आहे.