पुरानंतरचे ८३ दिवस

२२ जुलै २०२१ च्या पहाटे बाबांचा फोन आला. "पाणी ओट्याशी आलंय, आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे चाललोय." त्यानंतर दोन दिवस चिपळूणला एकही फोन लागला नाही. मी पुण्यात, जीव टांगणीला. बसल्याजागी करता येण्यासारखं एकच काम होतं, ते २३ तारखेला उरकलं. घराच्या विमा पॉलिसीचा नंबर व्हॉट्सॲपवरच्या एका जुन्या फोटोत सापडला. विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवलं आणि तेच सगळं लगेच ईमेलवर लिहून टाकलं. नुकसान किती, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? फोनवरच्या बाई म्हणाल्या, "अंदाजे सांगा मॅडम, आकडा टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही." दोन लाख सांगितले. क्लेम नंबर मिळाला. दावा बाबांचा असला तरी कळवायला ते स्वतःच लागतात असं नाही, हे तेव्हा कळलं.

२५ ला घरी पोहोचले तर दारात गुडघाभर गाळ. मदतीला आलेली मुलं फ्रिज उचलून रस्त्यावरच्या ढिगात टाकायच्या बेतात होती. मी ओरडलेच. आधी चिखल पुसून मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो, मग अख्ख्या वस्तूचा, मग ती खोलीत कुठे पडली आहे त्याचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याचा पंप सगळ्यांचं असं केलं. गाद्या, आईच्या साड्या आणि बाबांची पुस्तकं मात्र त्या घाईत न मोजताच नगरपालिकेच्या डंपरमध्ये गेली. त्यांचे पैसे मिळाले ते अर्धेमुर्धेच, आणि त्यात चूक माझी.

नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर २९ ला आले. तोंडाला मास्क, पायात गमबूट, दिवसातलं आमचं सातवं घर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दावा कळवल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर नेमायचा आणि नेमणुकीपासून ४८ तासांत त्याने पाहणी सुरू करायची असं होतं. अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेलेल्या गावात एक-दोन दिवस इकडेतिकडे होणारच, मी वाद घातला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाबांनी २००५ च्या पुराची रेघ निळ्या पेन्सिलीने ओढून ठेवलेली होती. यंदाची ओल तिच्या हातभर वर. सर्व्हेअरांनी टेप लावून दोन्ही मापं लिहून घेतली.

"बिलं आहेत का?"

"अहो, बिलंच तर वाहून गेली," बाबा म्हणाले.

दुकानदाराकडे डुप्लिकेट मागावं तर त्याचं दुकानही बुडालेलं. तेवढ्यात आई माळ्यावरून कालनिर्णयचा गठ्ठा घेऊन उतरली. आई जुनी कालनिर्णयं टाकत नाही, यावरून आम्ही तिला वर्षानुवर्षं चिडवत आलो. त्यात गॅस कधी लावला, दूध किती, आणि २०१७ च्या ऑक्टोबरच्या पानावर बारीक अक्षरात 'फ्रिज आला, २३,५००'. सर्व्हेअर हसले, पण फोटो काढून घेतला. स्टिकरचा फोटो आणि हे पान, यावर फ्रिज मान्य झाला.

ते निघायच्या आत मी म्हटलं, "सर, काय काय कागद लागतील ते एकदाच व्हॉट्सॲपवर लिहून द्या ना." त्यांनी तिथेच उभ्याउभ्या टाइप केलं: क्लेम फॉर्म, तलाठ्याचा पंचनामा, घरपट्टीची पावती, आधार-पॅन, कॅन्सल चेक, दुरुस्तीचं एस्टिमेट. फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा, असं पॉलिसीतच होतं. एस्टिमेट मात्र पहिल्यांदा परत आलं. मिस्त्रीने 'घर दुरुस्ती, १ लाख ३० हजार' अशी एक ओळ लिहून दिली होती. मग त्याच्याजवळ बसून प्लास्टर किती चौरस फूट, वायरिंगचे पॉइंट किती, दारं किती, असं वेगवेगळं लिहून घेतलं. यात आठ दिवस गेले.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते ज्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं त्या गोष्टीने. गृहकर्ज २०१९ मध्येच फिटलं होतं, पण पॉलिसी दरवर्षी आपोआप रिन्यू होत राहिली आणि तिच्यावर बँकेचं नाव तसंच. इमारतीच्या नुकसानीचे पैसे द्यायचे तर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, हवी. आणि बँकेची शाखाच पुरात गेलेली! काउंटरवर कुणी भेटेना, रेकॉर्ड दुसऱ्या शाखेत हलवलेलं. बाबांच्या चार फेऱ्या झाल्या, शेवटी कर्जखात्याचा बंद झाल्याचा उतारा जोडून मी वरच्या कार्यालयाला ईमेल केला. एनओसी ६ सप्टेंबरला हातात आली. पूर येण्याआधी हेच काम एका अर्जात झालं असतं.

मग सर्व्हेअरांचा हिशेब आला, १ लाख ९२ हजारांचा. वस्तू जुनी म्हणून किंमत कमी धरायची, तो घसारा: फ्रिजवर घसारा, मशीनवर घसारा, रंगावरसुद्धा घसारा. सह्या करून मोकळं व्हावं, असं बाबांचं मत. मी रात्री पॉलिसीची सगळी पानं वाचली. जूनमध्ये रिन्यू झालेली ती 'भारत गृह रक्षा' होती. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी देणं बंधनकारक झालं होतं. यात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामान यादी न देताही धरलं जातं. विमा कमी रकमेचा काढला होता म्हणून दावा कापायचा नाही. वस्तू गेली तर तशाच नव्या वस्तूची किंमत द्यायची. गाळ काढण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. सर्व्हेअर बहुतेक जुन्या फायर पॉलिसीच्या सवयीने घसारा लावून बसले होते. पॉलिसीच्या त्या पानाचा फोटो, कलमाखाली रेघ मारून, ईमेलवर पाठवला. भांडले नाही. तीन दिवसांनी त्यांचा फोन: "मॅडम, बरोबर आहे, दुरुस्त करतो."

२० सप्टेंबरला रिपोर्ट कंपनीकडे गेला. तिथून पुढे ३० दिवसांत निर्णय, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक रेट'पेक्षा २ टक्के जास्त व्याज, असा तेव्हाचा नियम. दर सोमवारी मी एकच ओळ पाठवायचे: 'क्लेम नंबर अमुक, आमच्याकडून काही बाकी आहे का?' तिसऱ्या सोमवारी उत्तर आलं की कॅन्सल चेकवरचं नाव अस्पष्ट आहे. मी विचारलं नसतं तर तो चेक कुणाच्या तरी टेबलावर दिवाळीपर्यंत पडून राहिला असता, अशी माझी खात्री आहे. ३० दिवस उलटले असते तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जायचं ठरवून अर्ज लिहून ठेवला होता. तो पाठवावा लागला नाही. आता २०२४ पासून नियम आणखी कडक झालेत: सर्व्हेअर २४ तासांत, रिपोर्ट १५ दिवसांत, त्यानंतर ७ दिवसांत निर्णय.

पैसे १४ ऑक्टोबरला जमा झाले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. २ लाख ७१ हजार. गाळ काढायला दिलेल्या साडेआठ हजारांपैकी पाच हजार तीनशे त्यात आले. फ्रिज आम्ही ऑगस्टमध्येच घेतला होता. त्याचं बिल बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलंय, कालनिर्णयच्या गठ्ठ्याखाली.