कार्यालय, मैदान आणि सप्त्याचा मांडव: रिव्हर्ब-डिले कुठला लावायचा

लग्नसराई लागली की मला पोरांचे सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात, भो, व्होकलवर रिव्हर्ब कुठला लावू आणि डिले किती ठेवू. व्होकल म्हणजे गाणाऱ्याचा आवाज, रिव्हर्ब म्हणजे तो मागे घुमत राहतो ते, आणि डिले म्हणजे तोच आवाज थोड्या वेळाने ठोक्यासारखा परत येतो ते. चोपडा, पाचोरा, शिरपूर, सगळीकडच्या पोरांनी आता डिजिटल मिक्सर घेतलेत, त्यात हॉल, प्लेट, रूम, चेंबर असे रिव्हर्ब, चार प्रकारचे डिले सगळं भरलेलं आहे, आणि त्यांना पाहिजे असतं एका प्रीसेटचं, म्हणजे तयार सेटिंगचं नाव. मी नाव सांगत नाही, आधी विचारतो प्रोग्राम कुठे आहे. कारण ज्या जागेत आपण स्पीकर उभे करतो त्या जागेचा स्वतःचा रिव्हर्ब असतोच, आणि तो बंद करायचं बटण कुठल्याच मिक्सरवर नसतं. आपल्या हातात एवढंच असतं की त्यात अजून काय टाकायचं आणि काय नाही टाकायचं.

आपल्याकडची मंगल कार्यालयं घ्या. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, बाजूला शटर नाहीतर काचा. सामान लावून झालं की स्टेजच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि नुसतं ऐका. टाळीची शेपूट दोन-दोन सेकंद हॉलभर फिरत राहते, आणि तिच्यातच मागच्या भिंतीवरून एक वेगळा ठोका परत येतो. समजा मागची भिंत ३० मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, तर तो ठोका पावणेदोनशे मिलिसेकंदांनी तुमच्या कानावर येणार. आता अशा हॉलमध्ये तुम्ही व्होकलवर अडीच सेकंदांचा लार्ज हॉल लावला तर काय होणार? गाणारीचे शब्द स्टेजवरून निघतात तेव्हा बरोबर असतात आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा नुसता गोंगाट झालेला असतो.

त्यात अजून एक गोष्ट आहे. साऊंडचेक दुपारी रिकाम्या हॉलमध्ये होतो आणि प्रोग्राम होतो भरलेल्या हॉलमध्ये. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. हे मोजून पहिल्यांदा मांडलं वॉलेस सॅबिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने, १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये शब्दच कळत नव्हते म्हणून त्याला कामाला लावलं होतं, तर हा माणूस रात्री शेजारच्या थिएटरमधल्या सीटच्या गाद्या आणून त्या हॉलमध्ये मांडायचा आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते कानाने आणि घड्याळाने मोजायचा. रिव्हर्बचा टाइम म्हणून आपण मिक्सरवर जो आकडा फिरवतो त्याची सगळी सुरुवात तिथली, आवाज बंद झाल्यावर ६० डेसिबल खाली यायला किती वेळ लागतो तो हा आकडा. म्हणून दुपारी रिकाम्या हॉलमध्ये इफेक्ट ठरवूच नका, फक्त मिक्सरवर जागेवर लावून ठेवा. वऱ्हाड बसलं की दुसऱ्या गाण्यापर्यंत थांबायचं, कानाने ऐकायचं, मग रिटर्नचा फेडर, म्हणजे इफेक्टचा आवाज कमी-जास्त करायचा सरकता दांडा, उचलायचा. बहुतेक वेळा थोडा उचलावा लागतो, पण ते आधी कळत नाही.

कार्यालयात मी रिव्हर्ब जवळजवळ ठेवतच नाही, काम डिलेवर करतो. कारण साधं आहे, रिव्हर्ब दोन शब्दांमधली सगळी जागा भरून टाकतो, डिलेचा एक ठोका येतो आणि जातो, मधली जागा मोकळी राहते. आवाजाला मोठेपणा मिळतो आणि शब्दही कळतात. फक्त त्या डिलेवर हाय कट (वरचा बारीक आवाज कापणं) लावायचा ३ किलोहर्ट्झच्या आसपास, लो कट (खालचा जाड आवाज कापणं) ३०० हर्ट्झला, रिपीट एक किंवा जास्तीत जास्त दोन, आणि लेव्हल इतकी की ऐकू येतोय असं वाटायच्या जरा खालीच. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, चालू असताना डिले आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही पाहिजे. आणि स्लॅपबॅक, म्हणजे १०० ते १५० मिलिसेकंदांचा एकच ठोका, तो अशा हॉलमध्ये टाळाच, मागची भिंत तेच काम फुकटात करतेय, दोन ठोके एकमेकांवर आदळतात.

मैदानात सगळं उलटं. एकवीरा देवीच्या यात्रेच्या दिवसांतलं धुळं असो, नंदुरबारचा गरबा असो नाहीतर कानबाईच्या रात्री गावातल्या चौकातला गाण्यांचा प्रोग्राम असो, वर आभाळ, बाजूला कनात, खाली माती. इथे टाळी वाजवली तर काहीच परत येत नाही. मोठ्ठी सिस्टीम असूनही गाणाऱ्याचा आवाज कोरडा, उघडा पडल्यासारखा वाटतो आणि त्यालाही गाताना आधार मिळत नाही, मग तो जोर लावतो आणि तासाभरात त्याचा गळा बसतो. इथे रिव्हर्ब पाहिजेच, आणि माझी निवड कायम प्लेट.

प्लेट म्हणजे मूळचं खरंखुरं पत्र्याचं यंत्र. ईएमटी १४० नावाचं जर्मन मशीन १९५७ मध्ये आलं, दोन मीटर लांब, एक मीटर उंच स्टीलचा पातळ पत्रा फ्रेममध्ये ताणून टांगलेला, एका बाजूने त्याला आवाजाने हलवायचं आणि दुसऱ्या जागी पिकअपने ते हलणं उचलायचं. अख्खं मशीन पावणेतीनशे किलोच्या आसपास. आज आपण जे प्लेट नावाचं बटण दाबतो ते त्याची डिजिटल नक्कल. हॉलमध्ये आधी भिंतींचे वेगवेगळे ठोके येतात आणि मग शेपूट तयार होते, प्लेटमध्ये तसं नसतं, ती लगेच दाट होते, म्हणून गळ्याला चिकटून बसते आणि आवाज लांब गेल्यासारखा वाटत नाही. मैदानात गाणारा आधीच प्रेक्षकांपासून लांब असतो, त्याला अजून मागे ढकलून काय करायचं?

सेटिंग विचारत असाल तर माझी सुरुवात अशी असते: डीके (शेपूट किती वेळ राहते ते) १.४ ते १.८ सेकंद, प्रीडिले (शेपूट सुरू व्हायच्या आधीचा थांबा) ४० मिलिसेकंद, लो कट २५० हर्ट्झ, हाय कट ६ किलोहर्ट्झ. गाणं फास्ट असेल तर डीके एक सेकंदावर. यातला प्रीडिले लोक शून्यावर सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. आपल्या अहिराणी गाण्यात मजा शब्दांची असते, एखादा टोमणा, एखादं नातं, एखाद्या गावाचं नाव, आणि लोक हसतात ते त्या एका शब्दावर. शब्दाची धार असते सुरुवातीच्या अक्षरात, ख, ट, च, झ. प्रीडिले दिला की ते अक्षर आधी कोरडं निघून जातं आणि शेपूट त्याच्यानंतर सुरू होते. शून्यावर ठेवला की शेपूट अक्षराच्या अंगावरच बसते. हा एक आकडा फिरवून बघा, लेव्हल न बदलता शब्द पुढे आल्यासारखे वाटतील.

लो कट आणि हाय कट पण का म्हणून सांगतो. खालच्या फ्रिक्वेन्सीचा रिव्हर्ब ढोलकीच्या धुम्ममध्ये आणि सबवूफरमध्ये मिसळून चिखल करतो, आणि वरचा भाग स, श वर फसफस करतो. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत रिव्हर्बला पाठवायच्या आवाजात ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापायची जुनी पद्धत होती, ती आजही बिनधास्त वापरा. लाईव्हमध्ये मी वरचं त्यांच्यापेक्षाही जास्त कापतो, कारण आपल्या बऱ्याच सिस्टीमचे हॉर्न आधीच तिखट असतात.

आता डिलेच्या टाइमचं. हिशोब सोपा, ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्या आकड्याने, भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० ला ५००, १०० ला ६००. टॅप टेम्पोचं बटण असेल तर पायाच्या ठेक्यावर टॅप करा. पण इथे आपल्या भागात एक अडचण हमखास येते. आपली नाचायची बरीच गाणी सहा मात्रांच्या झुलत्या चालीत असतात, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. मिनिटाला १०० ठोके असतील तर ठोका ६०० चा, त्याचा एक भाग २०० चा. पोरं सवयीने टॅप करतात आणि डिले अर्ध्यावर म्हणजे ३०० वर टाकतात, आणि तो ठोका ढोलकीच्या दोन बोलांच्या बरोबर मधे पडतो, गाणं अडखळल्यासारखं होतं आणि सगळे ढोलकीवाल्या दादाकडे बघतात, त्याचा काही दोष नसताना. अशा गाण्याला डिले ४०० नाहीतर पूर्ण ६०० ठेवा. तीनच्या हिशोबात बसला की तो ठेक्यात विरघळून जातो. आणि आपली मंडळी गाणं रंगलं की लय वाढवतात, क्लिकवर वाजवत नाहीत, वाजवूही नये, म्हणून रिपीट कमी आणि हाय कट जास्त हे इथे दुप्पट कामाचं, लय थोडी सरकली तरी डिले उघडा पडत नाही.

डिले अख्ख्या गाण्यावर सारखा चालू ठेवण्यापेक्षा बोटाने फेकायचा, हे मला मनापासून आवडणारं काम आहे. ओळीच्या शेवटच्या शब्दाला सेंडचा (आवाज इफेक्टकडे पाठवायचा) फेडर वर, शब्द आत गेला की लगेच खाली. तो एकच शब्द लांब जात राहतो आणि पुढची ओळ स्वच्छ सुरू होते. यासाठी गाणं पाठ पाहिजे, गाणारीचा श्वास कुठे आहे ते माहीत पाहिजे, मोबाईल खिशात पाहिजे.

सप्त्याच्या मांडवात तर मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, कीर्तनाला इफेक्ट लावू नका. महाराज तास-दीड तास बोलतात, ओवी सांगतात, दृष्टांत सांगतात, मागे म्हातारी माणसं भोंग्याखाली बसून एकेक शब्द वेचत असतात. भोंग्याचा आवाज मुळातच अरुंद, त्यात खालचं नाही आणि वरचंही फारसं नाही, त्यात रिव्हर्ब टाकला की नुसतं कोंदट होतं. त्यात गावात चार खांबांवर चार भोंगे असले की त्यांच्या अंतरानेच डिले तयार झालेला असतो, १०० मीटरवरच्या भोंग्याचा आवाज जवळपास ३०० मिलिसेकंद उशिरा येतो. अभंगाची चाल सुरू झाली, टाळकरी आणि मृदंग उठला, तेव्हा गायनाचार्यांच्या माईकवर एक सेकंदाच्या आतला रूम हळूच उचलायचा आणि महाराजांनी 'माउली' म्हणून परत बोलायला सुरुवात केली की खाली. एवढंच.

इफेक्ट लावायच्या आधी वादकांकडे कोणते चालू आहेत ते बघणं राहून जातं. कीबोर्डच्या टोनमध्ये रिव्हर्ब असतो, ऑक्टापॅडमध्ये असतो, बेंजोवाल्याच्या पायाखाली तर स्वतःचा डिले असतोच. बेंजोवर आधीच डिले असेल तर मिक्सरवरून त्याच्यावर काहीही टाकू नका, आणि कीबोर्डवाल्या भाऊला गोडीने सांगा की दादा, तुझा हॉल अर्ध्यावर घे. स्टेजवर कोणी ऐकतं, कोणी नाही ऐकत, पण विचारायचं. ढोलकी, डफ, किक यांच्यावर मी रिव्हर्ब टाकत नाही, कोणी आग्रहच केला तर स्नेअरला अर्ध्या सेकंदाचा रूम.

मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमध्ये, रिव्हर्ब हा वेगळा विषय आहे. ताई म्हणतात, 'दादा, इको वाढवा ना, मला गाता येत नाहीये.' अशा वेळी दहापैकी नऊदा त्यांना मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाजच कमी ऐकू येत असतो. आधी कोरडा आवाज वाढवा, चारशे-पाचशे हर्ट्झ थोडं कापा, मग विचारा. तरीही पाहिजे असेल तर मॉनिटरला वेगळी, छोटी प्लेट द्या, मेनमधली मोठी शेपूट मॉनिटरला पाठवू नका, माईक ती परत उचलतो, परत रिव्हर्बमध्ये पाठवतो आणि शिट्टी कुठून आली ते शोधत बसावं लागतं.

आणि सगळ्या इफेक्टच्या रिटर्नना एक म्यूट ग्रुप, म्हणजे एका बटणाने सगळे एकदम बंद. बेहरिंगरच्या एक्स-३२ या डिजिटल मिक्सरवर असे सहा म्यूट ग्रुप आहेत, पहिलाच मी इफेक्टसाठी ठेवतो आणि प्रोग्रामभर एक बोट त्याच्याजवळच असतं. गाणं संपलं, निवेदक बोलायला आला, सरपंचांचा सत्कार, मामांचं भाषण, रिव्हर्ब बंद. आपल्याकडे दोन गाण्यांच्या मधे पंधरा मिनिटांचे सत्कार होतात, ते सगळे प्लेटमध्ये ऐकायला लावायचे का लोकांना?

ज्यांच्याकडे छोटा अ‍ॅनालॉग मिक्सर आहे आणि त्यात एकच इफेक्ट लागतो, त्यांनी नाराज होऊ नका. मैदान असेल तर प्लेट, कार्यालय असेल तर साधा एक डिले, पॅरामीटरचं नॉब असेल तर तेवढं वेळेवर फिरवून घ्या. अशा मिक्सरवर लो कट-हाय कट सहसा मिळत नाही, त्याला एक मार्ग आहे, इफेक्ट आतून न आणता इफेक्ट सेंडच्या आउटमधून बाहेर काढा, जुना रॅकमधला इफेक्ट लावा आणि तो दोन रिकाम्या चॅनलवर परत आणा, त्या चॅनलचा बेस खाली, ट्रेबल खाली. फक्त त्या दोन चॅनलचा इफेक्ट सेंड शून्यावर आहे ना ते दोनदा बघा, नाहीतर लूप तयार होतो. बऱ्याच छोट्या मिक्सरला इफेक्ट बंद-चालू करायला फूटस्विचचं सॉकेट असतं, दाबल्यावर दाबलेलाच राहणारा (लॅच असलेला) की पाय काढला की सुटणारा (लॅच नसलेला), कुठला चालतो ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, आणि तो स्विच टेबलाखाली उजव्या पायाशी टेपने चिकटवून टाका, म्हणजे सत्काराच्या वेळी हात हारांच्या फोटोवाल्याला बाजूला करण्यात अडकले तरी पाय मोकळा असतो.