पंचांग न बघता छापलेलं वेळापत्रक

आमच्या मंडळीत कामं नेमून दिली जात नाहीत, ती गळ्यात पडतात. नोव्हेंबरातल्या पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. तोवर मला कुटुंब शिबिराचा प्रमुख करून सगळे चहाला लागले होते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, म्हणाले, “सलाम, या या. तुमचंच नाव निघालं होतं.”

याआधीचं शिबिर लॉकडाउनच्या आधी पाचगणीला झालं होतं. त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की पसरणीच्या घाटात बस चार वेळा थांबवावी लागली. त्यामुळे या वेळी जवळचं ठिकाण हवं, यावर एकमत होतं. मनोरी खाडीच्या काठावर एका ख्रिस्ती ट्रस्टचं रिट्रीट सेंटर आहे, तिथे फोन केला. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. कंपाउंडच्या भिंतीला लागून निळंशार पाणी, वर नारळ, काठावर सिमेंटची बाकं. आमची बहुतेक घरं मूळची नगर-जालन्याकडची. नोकरीपायी मुंबईत येऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी पाण्याच्या काठी दोन रात्री राहिलेलं कुणी नव्हतं. त्या एका फोटोवर ६८ नावं आली.

२६ जानेवारी शुक्रवारी येत होती, म्हणजे तीन दिवस, दोन रात्री. सेंटरला मंडळीच्या लेटरहेडवर पाळकसाहेबांच्या सही-शिक्क्याचं पत्र लागलं, सगळ्यांची यादी लागली, मोठ्यांच्या आधारच्या झेरॉक्स लागल्या आणि आगाऊ रक्कम. हे सगळं दोन रविवारांत झालं. पैसे गोळा करणंही त्या मानाने सोपं गेलं. पाच वर्षांखालच्यांना माफी म्हटल्याबरोबर मंडळीतली तीन पोरं अचानक पावणेपाच वर्षांची झाली, तेवढं सोडलं तर.

खरं रण पेटलं ते खोल्यांवरून. खोल्या १२, कुटुंबं १९, शिवाय दोन डॉर्मिटऱ्या. मी आठवडाभर डोकं लावून ठरवलं, की साठीच्या पुढचे आणि तान्ही बाळं असलेली घरं खोल्यांत, बाकी पुरुष एका डॉर्मिटरीत, बायका-मुलं दुसरीत. यादी सूचनाफलकावर लागली त्याच दिवशी निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक काका उपासनेनंतर मला दारात गाठून म्हणाले, “कुटुंब शिबिर म्हणता आणि कुटुंब तोडता होय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर वेळापत्रक. हे मी फार हौसेने केलं. शुक्रवारी साडेसहाला ‘खाडीकाठी सांजप्रार्थना’, शनिवारी पहाटे साडेसहाला ‘खाडीकाठी प्रभातप्रार्थना’, रविवारी नऊला उपासना आणि मध्ये बायबल अभ्यासाच्या पाच बैठका. रंगीत छापून, तोच निळा फोटो वर टाकून प्रत्येक घरी एकेक प्रत दिली.

शुक्रवारी सकाळी बसने मार्व्यापर्यंत आणि तिथून बोटीने मनोरीला. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा पडतो. म्हाताऱ्यांसाठी मी वेगळी गाडी सांगून ठेवली होती, पण मार्व्याला बोट दिसताच एकही म्हातारं माणूस गाडीत बसेना. पेटी, तबला, बॅडमिंटनची जाळी, औषधांचे डबे आणि आमच्या शेजारी उभ्या कुणाच्या तरी दोन स्कूटर, असे आम्ही पलीकडे गेलो. प्रवास काही मिनिटांचाच, पण आजीबाईंनी तेवढ्यात दोन भजनं उरकली.

संध्याकाळी साडेसहाला पेटी-तबला घेऊन सगळे काठावर गेलो, तर खाडी नव्हती.

म्हणजे होती, पण पार लांब, मधल्या चरात. बाकांपासून तिथपर्यंत नुसता काळा चकचकीत चिखल, त्यात तिवरांची वर निघालेली बोटाएवढी मुळं आणि नाकात जाणारा वास. काकांनी खिशातून माझं वेळापत्रक काढलं, फोटोकडे बघितलं, समोर बघितलं आणि घडी घालून परत ठेवलं. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री भांडी आवरताना स्वयंपाकघरातल्या मावशींकडे मी हे गाऱ्हाणं मांडलं. त्या मनोरीच्याच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या कॅथलिक. दुपारी त्यांनी माशाचं कालवण केलं होतं. “शुक्रवार हाय ना,” म्हणून. शुक्रवारी त्यांच्यात मटण टाळतात. आमच्यातल्या मटणाची वाट बघणाऱ्यांचे चेहरे पडले, पण बाटली मसाल्याच्या त्या कालवणावर भात तीनदा लावावा लागला. मावशी हसत म्हणाल्या, “पानी आलं तवा तुमी सगले इथं जेवायच्या रांगेत. आन पानी गेल्यावर काठाला जाऊन बसता!”

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ आली. काल पौर्णिमा झाली, आज प्रतिपदा, म्हणजे एक पाऊण पाऊण, तर पाऊण वाजता भरती. सहा तासांनी, थोडं पुढे-मागे, ओहोटी. उद्या द्वितीया, बे पाऊण दीड. परवा तृतीया, तीन पाऊण सव्वादोन. रात्रीही तसंच. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा एवढा फरक नाही. मी अकाउंट्समध्ये २२ वर्षं काढली, पण पाऊणकीचा पाढा शाळेनंतर पहिल्यांदा त्या ओट्यापाशी उपयोगी पडला. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे. नाताळ कुठल्या वारी येतो ते बघायला आम्ही ते उघडतो. तिथीच्या रकान्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

मोबाइलवर भरतीचा तक्ता काढून बघितला. मावशींचा हिशेब थोड्याफार मिनिटांच्या फरकाने बरोबर होता.

रात्री साडेदहाला पाळकसाहेबांच्या खोलीत आमची सभा बसली. प्रभातप्रार्थना काठावरून हलवून व्हरांड्यात. रविवारची उपासना नऊऐवजी साडेबाराला. यावर पाळकबाईंनी हरकत घेतली, साखरेचे पेशंट तोवर उपाशी राहणार का? तेव्हा दहाला उपमा, जेवण सव्वादोननंतर. बायबल अभ्यासाच्या पाचांपैकी दोन बैठका मी हळूच खोडल्या. पाळकसाहेबांनी ते पाहिलं, चष्मा पुसला आणि विषय बदलला. त्यांनाही सुटी हवी होती, असं माझं मत आहे.

शनिवारी सकाळी व्हरांड्यात प्रार्थना चालू असताना पोरं एकेक करून गायब झाली. शोधत गेलो तर सगळी कंपाउंडच्या भिंतीवर पोटावर झोपलेली. खाली चिखलात निवट्या होत्या. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर टेकवलेले, पुढच्या परांवर रेलत चिखलावरून सरकणारा, मध्येच टुणकन उडी. बाजूला एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे, ती वर-खाली करत कुणाला तरी बोलावत असल्यासारखे. माणसाचं पाऊल वाजलं की सगळे बिळात, आणि श्वास रोखून थांबलं की दोन मिनिटांत पुन्हा बाहेर. आमच्या संडे स्कूलमध्ये ज्या पोरांना मी तीस सेकंद गप्प बसवू शकत नाही, ती अर्धा तास हूं का चूं न करता पडून होती. मुख्याध्यापक काकाही येऊन भिंतीवर ओणवे झाले. मासा पाण्याबाहेर कसा राहतो, कातडी ओली ठेवून तीतूनही श्वास कसा घेतो, हे त्यांनी कुजबुजत सांगितलं. पोरांच्या लेखी तोच त्या दिवशीचा पाठ. काकांचा खोलीचा राग तिथेच मावळला असावा, कारण रात्री डॉर्मिटरीत घोरण्यात त्यांचाच नंबर पहिला होता.

रविवारी साडेबाराला काठावर सतरंज्या टाकल्या तेव्हा पाणी तिवरांच्या बुंध्यांशी पोचलं होतं. पाळकसाहेबांनी तयार करून आणलेला उपदेश बाजूला ठेवला आणि लूकचा पाचवा अध्याय काढला, येशू होडीत बसून काठावरच्या लोकांना शिकवतो तो. आपल्या मराठी बायबलात तिथे होडीला ‘मचवा’ हा शब्द आहे. तो वाचला गेला आणि नेमका एक मचवा समोरून गेला, त्यामुळे पुढची पाच मिनिटं कुणाचंच लक्ष नव्हतं.

मग भजनं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. अभंग, ओवी, कीर्तन हे त्यांनी आपल्या उपासनेत असं रुजवलं, की आमच्या आजीबाईंना टाळ हातात दिल्यावर पुस्तक लागत नाही. मावशी पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या सकाळीच चर्चला जाऊन मिस्सा ऐकून आल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “तुमचं मराठी आन आमचं मराठी येगलं. पन समजलं सगलं.” तोवर पाणी भिंतीला टेकलं होतं, अगदी फोटोतल्यासारखं. फक्त निळं नाही, चहाच्या रंगाचं.

परतीची बोट पाचच्या आत धरा, नंतर पाणी ओढेल, असं त्यांनी बजावलं होतं. आम्ही पावणेपाचला निघालो.

आठवड्याने अनामत रक्कम परत आली, त्यातून उशीच्या एका अभ्र्याचे पैसे कापलेले. मी सेंटरला फोन करून चार शब्द सुनावले. त्याच रात्री बायकोने धाकट्याची सॅक उपसली. आत गाठ मारलेला अभ्रा, त्यात शिंपले, तिवराची दोन मुळं आणि एक वाळलेला खेकडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. उचलला मावशींनी.