२०२८ ची घाई

आज लंचला ऑफिसातल्या गोऱ्या मित्राने विषय काढला की २०२८ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी कोण उभं राहणार. अरे बाबा अजून किती वेळ आहे! पण इथे न्यू हॅम्पशायरमधे हे असंच चालतं, पहिली प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) आपलीच असली पाहिजे असा यांनी चक्क कायदाच करून ठेवलाय. २०२४ ला डेमोक्रॅट्सनी साऊथ कॅरोलायनाला पहिला नंबर दिला तरी यांनी २३ जानेवारीला मतदान उरकलंच, बायडनचं नाव बॅलटवर नव्हतं तर लोकांनी पेनाने लिहून त्याला जिंकवलं. हट्टी माणसं.

इलिनॉयचा गव्हर्नर प्रिट्झकर तर एप्रिल २०२५ मधेच इथल्या मँचेस्टरला येऊन भाषण ठोकून गेला. उभा राहणार का विचारलं की सगळे हसून विषय बदलतात, लग्नाचा विषय काढल्यावर मुलं करतात तसं 😄

मित्राला रिपब्लिकन पक्षाकडून व्हान्स की रुबियो यात इंटरेस्ट. मी म्हटलं, मला सांग यातला कोण भारताशी नीट वागेल? ऑगस्ट २०२५ मधे ट्रम्पने रशियन तेलाच्या नावाखाली भारतीय मालावरचा टॅरिफ (आयातशुल्क) ५० टक्क्यांवर नेला, सप्टेंबरात नवीन एच-वन-बी नोकरीच्या व्हिसावर १ लाख डॉलर फी, आणि चीन आपल्यापेक्षा जास्त तेल घेतो त्याला त्यासाठी काहीच नाही! तो म्हणाला, इथे परराष्ट्र धोरणावर मत कोण देतं, अंडी आणि घरभाडं बघतात लोक. पटलं नाही, पण तो मतदार आहे आणि मी ग्रीन कार्डच्या रांगेत, काय बोलणार.