पाचशे फोरिंटचा राकोत्सी

आमच्या घरात एक खण आहे. न चालणाऱ्या सगळ्या वस्तू त्यात जातात. बंद पडलेली घड्याळं, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या, आणि बहीण बुडापेस्टहून आली तेव्हा तिच्या पर्समध्ये खर्चायची राहून गेलेली पाचशे फोरिंटची नोट. हिशेब केला तर शंभर-सव्वाशे रुपये. हंगेरीत हल्ली याहून लहान नोट नाही; त्याखाली नुसती चिल्लर.

नोटेवरचा माणूस मात्र चिल्लर वाटत नाही. डोक्यावर केसाळ टोपी, खांद्यावर रुळणारे केस, मिशी. हा फेरेन्त्स राकोत्सी, हंगेरीतल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक. १७०३ साली हंगेरीवर राज्य करणाऱ्या व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग बादशहाविरुद्ध उठलेल्या बंडाचा हा पुढारी. नोटेवरचा चेहरा आदाम मान्योकीने रंगवलेल्या चित्रावरून घेतला आहे.

मान्योकी एका पाद्र्याचा मुलगा. चित्रकला शिकला जर्मनीत, आणि १७०७ साली राकोत्सीच्या पदरी आला. पदरी म्हणजे काय, तर लढाईच्या धामधुमीत. पुढच्याच वर्षी ट्रेन्चेनला राकोत्सीच्या फौजेची दाणादाण उडाली. आणि १७०९ साली, सगळीकडून पीछेहाट चालू असताना, या गृहस्थाने आपल्या चित्रकाराला हॉलंडला धाडलं. घरात पीठ संपत आलंय आणि मालक पोराला गाण्याच्या क्लासला घालतोय, असा हा प्रकार. मला तो फार आवडतो.

पीठ संपलं होतं हे खरंच. चांदी पुरेना म्हणून राकोत्सीने तांब्याची नाणी पाडली होती. त्यांवर लॅटिनमध्ये कोरलं होतं, ‘स्वातंत्र्यासाठी’. सुरुवातीला ती चालली. मग त्यांचा भाव घसरत गेला आणि लोक ती घेईनात. स्वातंत्र्य सगळ्यांना हवं होतं, पण त्याची मोड कुणी देईना!

१७११ साली त्याच्याच सेनापतीने बादशहाशी तह केला. राकोत्सीने तो मानला नाही, तेव्हा जहागिरी गेली. तो बाल्टिक किनाऱ्यावरच्या डान्झिगला, म्हणजे आजच्या ग्दान्स्कला, ‘काउंट शारोशी’ असं खोटं नाव घेऊन राहिला. १७१२ साली मान्योकीने तिथे त्याचं ते चित्र केलं. नाव लपवायचं आणि तोंड रंगवून घ्यायचं, याला काय म्हणावं?

चित्र बुडापेस्टमधल्या बुडाच्या राजवाड्यातल्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मी पाहिलंय ते फक्त छापलेलं. सिंहासन नाही, घोडा नाही, मागे पेटलेला किल्लाही नाही. छातीपर्यंतचा माणूस आणि गडद पार्श्वभूमी, बस्स. दरबारी चित्रकार हात राखून खुशामत करत नाहीत, पण इथे खुशामत करून मिळणार तरी काय होतं?

मान्योकीला पुढे जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक ऑगस्टस भेटला, ड्रेस्डेनचा भरभक्कम दरबार भेटला. १७५७ साली तो तिथेच वारला. राकोत्सी फ्रान्समार्गे तुर्कस्तानात गेला आणि १७३५ साली परक्या मुलखातच संपला.

गेल्या महिन्यात ती नोट घेऊन मी पैसे बदलून देणाऱ्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने ती उलटसुलट केली, दिव्यासमोर धरली आणि काचेखालून परत सरकवली.

“ही आपल्याकडे नाही चालत, काका.”

“अहो, राजपुत्र आहे तो.”

“असेल. डॉलर आहेत का?”

नोट पुन्हा खणात गेली, किल्ल्यांच्या शेजारी. ठेवताना पालथी पडली. मागच्या बाजूला शारोश्पातकचा किल्ला छापलाय. तोही त्याचाच, जप्त झालेला.