कप मोठा का शेजारच्या पेठेला हरवणं?

आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर सध्या जे भांडण पेटलंय ते पीटीएम-दिलबहार, शिवाजी-खंडोबा ह्या आपल्या पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीमचं नाही, ते ओहायो स्टेट नावाच्या अमेरिकेतल्या एका कॉलेज टीमचं २०२४ साल भारी होतं का २०२५, यावरनं आहे. इथं शाहू स्टेडियमवर सीझन असताना हे उद्योग कुठनं सुचले म्हणाल तर कारण माझा आतेभाऊ. शिवाजी पेठेत वाढलेला, स्टेडियमच्या पायरीवर बसून घसा बसेपर्यंत ओरडलेला हा पोरगा ओहायो स्टेटच्या गावाला, कोलंबसला एमएस करायला गेला आणि तिथं जाऊन पण परत तेच करायला लागला. त्याच्या नादानं आम्ही चारपाच जण रात्रीबेरात्री मोबाईलवर हे बघतो. हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडायचा हा फुटबॉल, चौथ्या डाऊनला, म्हंजे बॉल पुढं न्यायच्या चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नाला, नेमकं काय झालं हे अजून पण विचारावं लागतंय, पण नियम कळायच्या आधी आम्हाला त्यातलं वैर कळलं.

वैर मिशिगनशी. शेजारचं राज्य, पहिली मॅच १८९७ ला, १९१८ पासनं दरवर्षी खेळतात, मधे फक्त २०२० ला कोरोनामुळं चुकली. नोव्हेंबरच्या शेवटाला ही मॅच असती आणि त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर जिथं जिथं बोर्डावर इंग्रजी एम अक्षर आहे तिथं तिथं लाल टेप लावून ते खोडतात, का तर मिशिगनचा एम. हे ऐकल्यावर ग्रुपवरचा एक जण म्हणाला, आपण पण मंगळवार पेठेचा म खोडूया की. दुसरा म्हणाला, लगा मग मिरजकर तिकटी पण जाती, महाद्वार रोड पण जातोय, आणि मिसळ काय नावानं मागवणार?

तर मूळ मुद्दा. ३० नोव्हेंबर २०२४, आपल्याकडं रात्री साडेदहाला मॅच चालू. ओहायो स्टेट स्वतःच्या ग्राउंडवर, लाखावर माणूस स्टेडियममधे, टीम देशात नंबर दोनची, आणि मिशिगनचं ते साल एकदम पडकं, तोवर अकरातल्या पाच मॅच हरलेले. तिथले सट्टेवाले सुद्धा ओहायो स्टेट वीसेक पॉइंटनं जिंकणार म्हणत होते. जिंकलं मिशिगन, १३-१०. पंचेचाळीस सेकंद राहिलेले असताना किक मारून. वर परत मॅच संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी ओहायो स्टेटच्या ग्राउंडच्या बरोब्बर मधे आपला झेंडा रोवायला घेतला, मग काय, जुंपली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, आणि नंतर दोन्ही कॉलेजला एक एक लाख डॉलर दंड. आमच्यातल्या एकाचा मेसेज रात्री दोन वाजता, ‘हे तर आपलंच आहे की रं.’ त्याला हसलो सगळे, पण अभिमानानं सांगायची गोष्ट नाही ती, इथं हुल्लडबाजीपायी मॅच बंद पडल्यात आणि भोगलंय ते खेळणाऱ्या पोरांनी.

भाऊ त्या रात्री फोनवर बोलला नाही. मिशिगनकडनं सलग चौथा मार होता तो, २०२१ पासनं. कोच रायन डे ला काढा म्हणून तिथं बोंबाबोंब.

आणि मग दीड महिन्यात हीच टीम अख्ख्या देशाची चॅम्पियन.

हे कसं झालं ते सांगतो कारण खरी मजा इथं आहे. २०२३ पर्यंत तिथं प्लेऑफला, म्हंजे कप ठरवणाऱ्या शेवटच्या बाद फेरीला, फक्त चार टीम घ्यायचे. २०२४ पासनं बारा केल्या. ओहायो स्टेट रँकिंगला सहाव्या नंबरवर, म्हंजे जुना नियम असता तर मिशिगनकडनं मार खाऊन घरात बसले असते. बारामुळं दार उघडं मिळालं आणि मग ह्यांनी टेनेसीला ४२-१७ धुतलं, ज्या ओरेगॉनकडनं ऑक्टोबरमधे एका पॉइंटनं हरले होते आणि जी टीम तोवर एक पण मॅच हरली नव्हती तिला ४१-२१, मग टेक्सास २८-१४, आणि फायनलला नोत्र दाम ३४-२३. फायनल आपल्याकडं २१ जानेवारीला सकाळी सहाला होती, थंडी अशी की हात पांघरुणाच्या बाहेर काढवेना. एक वेळ ३१-७ होतं म्हणून आमच्यातला एक जण गंगावेशीत दूध प्यायला गेला, तो परत येईपर्यंत ३१-२३. शेवटी जेरेमाया स्मिथ नावाच्या पहिल्याच वर्षातल्या पोरानं ५६ यार्डाचा एक झेल घेतला आणि विषय संपवला.

भाऊ म्हणाला, दादा, आता बोला.

बोललोच आम्ही. माझं म्हणणं तेव्हा पण हेच होतं आणि आज पण हेच आहे, की कप घेतला चांगलं केलं, गुलाल उधळा, हलगी लावा, पण घरच्या ग्राउंडवर पडक्या मिशिगनकडनं हरलास ते धुवून निघत नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागू नये. इथं सीझनभरात केएसएची, म्हंजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग असती, एकामागनं एक चषक असतात, पण पेठेतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की अमुक साली कुठला चषक कोणी जिंकला, तो डोकं खाजवंल, आणि शेजारच्या तालमीला शेवटच्या मिनिटाला गोल कुणी मारला ते विचारा, तो गोल कुठल्या गोलपोस्टात मारला, रंकाळ्याच्या अंगाला का दुसरीकडं, ते पण सांगंल. कपाटातल्या कपावर धूळ बसती. हरवलेलं शेजाऱ्याला रोज सकाळी दूध आणायला जाताना आठवत असतं, कारण तो तिथंच भेटतोय.

ह्यावर आत्याचे मिस्टर, जे जन्मभर मंगळवार पेठेचे आणि ज्यांनी शिवाजी पेठेतली बायको केली म्हणून तालमीत अजून ऐकून घेतात, ते म्हणाले की तुझं सगळं बरोबर, पण चॅम्पियन म्हंजे जो शेवटाला उभा राहिला तो. हा पण मुद्दा आहे. पण शेवटाला उभं राहायची संधी कुणाला द्यायची हे तिथं ठरवतंय कोण? तर तेरा माणसांची एक कमिटी. बंद खोलीत बसून रँकिंग काढती.

कमिटीचं नाव काढल्यावर ग्रुपवर जो धुरळा उडाला तो वेगळाच. कारण २०२३ ला फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा मॅच जिंकली होती, आपल्या कॉन्फरन्सची, म्हंजे ज्या लीगमधे ती खेळती तिची चॅम्पियन होती, आणि तरी तिला चारात घेतलं नाही, का तर त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हंजे बॉल फेकून टीम चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचा पाय जायबंदी झाला होता, आता तुमची टीम तेवढी भारी राहिली नाही म्हणे. एकेक मॅच हरलेल्या टेक्सास आणि अलाबामाला घेतलं. अशी बैठक कोल्हापुरात झाली असती तर त्या तेरा जणांना बिंदू चौकातनं चालत घरी जाता आलं नसतं. आणि २०१७ चं सेंट्रल फ्लोरिडाचं तर ऐकून आम्ही लोळलो. तेरा पैकी तेरा जिंकले, चारात घेतलं नाही. शेवटची मॅच त्यांनी ऑबर्नला हरवलं, आणि फायनलला खेळलेल्या अलाबामा आणि जॉर्जिया ह्या दोघांना त्याच ऑबर्ननं त्याच सीझनला हरवलं होतं. मग ह्यांनी काय केलं, तर स्वतःच स्वतःला राष्ट्रीय चॅम्पियन जाहीर केलं, मिरवणूक काढली आणि स्टेडियमवर बॅनर टांगला. नाद खुळा! फ्लेक्सची आयडिया फक्त आपलीच नाही म्हणायची.

पण कमिटीची बाजू पण थोडी समजून घ्यावी लागती, हे मी विचार करून म्हणतोय. आपल्या केएसएच्या सीनियर लीगला सोळा संघ, सगळ्या मॅच एकाच शाहू स्टेडियमवर, तुम्ही रोज दुपारी तिथं जाऊन बसला तर सोळाच्या सोळा टीम डोळ्यानं बघून होतात, कोण किती पाण्यात आहे ते लहान पोरगं पण सांगंल. तिथं वरच्या गटातच २०२४ ला १३४ टीम, आणि प्लेऑफच्या आधी प्रत्येकीला बारा-तेरा मॅच. एकमेकांशी गाठच पडत नाही. मग वर्षभर वाद एकच, ‘ते जिंकले खरं, पण खेळले कुणाशी?’ २०२४ ला इंडियाना अकरा मॅच जिंकून बारात आली तेव्हा तिथं हेच चाललेलं, सोप्या टीम मिळाल्या, ह्यांना कशाला घेतलं, आणि नोत्र दामकडनं पहिल्याच फेरीत हरल्यावर तर बघायलाच नको.

खेळाडू विकत घेतात वगैरे आमच्यातल्या एकाचं पालुपद असतं. २०२१ पासनं तिथल्या पोरांना जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी आहे आणि एका कॉलेजातनं दुसऱ्यात जाणं पण सोपं झालंय, ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधनं आलेला. असू दे की. आपल्या तालमींनी बाहेरची आणि परदेशातली पोरं आणून खेळवली तेव्हा गोल झाल्यावर आपण आधार कार्ड बघितलं होतं का?

आता २०२५ बघा. सगळं उलटं. २९ नोव्हेंबरला मिशिगनच्या घरात जाऊन, बर्फ पडत असताना, ओहायो स्टेट २७-९ नं जिंकली. भाऊ व्हिडिओ कॉलवर नाचत होता, मागं रूममेट झोपलेला, त्याला कसलं भान. आणि पुढच्याच आठवड्यात कॉन्फरन्सच्या फायनलला हरले, कुणाकडनं, इंडियानाकडनं, तेच ते ‘खेळले कुणाशी’वाले, आणि स्कोअर परत १३-१०. मग प्लेऑफला मायामीकडनं २४-१४. ती मॅच आपल्याकडं एक जानेवारीला सकाळी होती, नवीन वर्षाची सुरुवातच अशी. शेवटी इंडियाना सोळा पैकी सोळा जिंकून चॅम्पियन झाली, फायनलला मायामीला २७-२१ हरवून. पिढ्यानपिढ्या हरण्यासाठी ओळखलेली टीम ती! आमच्यातल्या दोघांनी तिथंच पार्टी बदलली.

तर प्रश्न असा टाकला की २०२४ घेणार का २०२५. मिशिगनकडनं हरून कप, का मिशिगनला हरवून रिकामा हात. ग्रुप बरोबर मधनं फुटला. ज्यांच्या तालमीनं अलीकडं चषक घेतलेत ते सगळे म्हणतात मिशिगनला हरवणंच खरं, आणि ज्यांच्याकडं बरीच वर्षं काही आलेलं नाही ते म्हणतात कप द्या, शेजाऱ्याचं बघू नंतर. म्हंजे मत कुठनं येतंय बघा. मी पहिल्या गटात आहे, आणि हो, आमच्याकडं कप आहेत, तरी पण माझं मत बदलणार नाही.

भावाला शेवटी खोदून खोदून विचारलं तर म्हणाला कपच, चार वर्षं हरलेल्याला पाचव्या मॅचचं काय सांगताय. आत्याचे मिस्टर खूश. मी त्याला लिहिलंय की कोलंबसच्या पाण्यानं तू बिघडलास, सुट्टीला आलास की स्टेडियमवर शिवाजी-पीटीएम बघायला चल आणि हेच वाक्य तिथं पायरीवर उभं राहून मोठ्यानं म्हणून दाखव. त्यानं मेसेज बघितलाय, उत्तर अजून आलेलं नाही.